मेणाच्या नळीवरचा चैतू

शांताकाकू, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. मध्येच आवाज थांबला तर जरा वाट पाहा, मी पुढे बोलेन. काय घडलं ते अजून पुष्कळांना नीट ठाऊक नाही. म्हणून आधी तेवढंच, क्रमाने.

एक. ज्येष्ठात, पाऊस लागण्याआधी, केशवभाऊ आपला मेणाच्या नळीचा फोनोग्राफ घेऊन चांद्याहून भामरागडकडे गेले.
दोन. नदी ओलांडताना डोंगा कलंडला. भाऊ पोहून निघाले. फोनोग्राफ बुडाला.
तीन. ज्या गावी जायचं होतं, तिथे ते पोचले. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि वाट बंद झाली.
चार. त्यांना ताप आला. नवव्या दिवशी ते गेले. गावाने आपल्या रीतीने त्यांची माती केली.
पाच. आपल्याला हे दसरा उलटल्यावर कळलं. तोवर काकू वाटच पाहत होत्या.

ताप कोणता होता ते मी सांगू शकत नाही. मी दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासते. त्यांची काच माझ्यापर्यंत आली नाही.

लाकडाच्या डेपोतले सुतार म्हणून तुम्ही भाऊंना ओळखता. रविवारचे भाऊ वेगळे होते. जमीनदाऱ्या गेल्या, तेव्हा मोठ्या घरांतले जुने बाजे, म्हणजे ग्रामोफोन, आणि तबकड्यांची कपाटं अडगळ म्हणून बाहेर पडली. भाऊ ती बैलगाडीत घालून घरी आणायचे. चावीची तुटलेली कमान बदलायची. गंज काढायचा. कपाटाच्या सागाला हाताने पॉलिश द्यायचं. पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे वाळवी चढत नाही. नऊ बाजे त्यांनी पुन्हा बोलते केले. एकही विकला नाही.

काकू म्हणायच्या, "घरात धान ठेवाले जागा नाई, अन् हे मेलेले बाजे आणून राह्यले."

भाऊ म्हणायचे, "मेलेले नाई वं, झोपले आहेत. तू एवढी ओरडतेस तरी उठत नाई, म्हून मले उठवा लागते."

काकू, तुम्ही हसलात. बरं केलंत.

मी शेजारी राहायला आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी भाऊ दारात. "सुमनबाई, तुमी लोकायच्या रक्तातले किडे पाह्यता. माह्या बाजाची सुई पाहा ना जरा." मी भिंगाखाली सुई पाहिली. तिचं टोक झिजलं होतं. त्यानंतर माझेही रविवार तिथेच गेले.

आता मेणाच्या नळीबद्दल. तबकडीच्या आधी आवाज मेणाच्या नळीवर कोरत. कोरी नळी असली, तर कर्ण्यात बोलून आपलाही आवाज तीवर भरता येतो. भाऊंजवळ अशी एकच कोरी नळी होती. डेपोच्या कामाला भामरागडकडे गेले असताना त्यांनी ती एका मुलाच्या गाण्याने भरली. मुलगा चैतू. जानोबाईंचा एकुलता एक. पुढच्या वर्षी चैतू हिवतापाने गेला.

भाऊंनी ती नळी जानोबाईंना देऊन टाकली. नुसती नळी मुकी असते. म्हणून दर हिवाळ्यात भाऊ फोनोग्राफ घेऊन जायचे आणि ती वाजवायचे. एकदाच. दर खेपेला सुई थोडं मेण खरवडून नेते. जानोबाईंना हे त्यांनी समजावलं होतं. त्या कधी 'आणखी' म्हणाल्या नाहीत.

नळी ज्या डब्यात होती, त्या डब्याला आतून कापूस मी लावला. दवाखान्यात काचेच्या बाटल्या आम्ही कापसात ठेवतो. तोच नियम मी मेणाला लावला. कापूस ओल धरतो. ओलीत मेणावर बुरशी येते. हे मला माहीत असायला हवं होतं. माझं शिक्षणच त्या गोष्टीचं आहे.

वैशाखात निरोप आला, डब्यात पांढरा भुरा दिसतो. मी भाऊंना म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "चूक-गीक राहू द्या बाई. जानोबाईले काय सांगाचं, ते सांगा." मी म्हटलं, भुरा लगेच पुसायला हवा. ते म्हणाले, "मंग मले जा लागन." मी म्हटलं, पावसाळ्यानंतर जा. "पावसाळ्यात तर तो भुरा पोरग्याले पुराच खाऊन टाकन."

ते गेले. तापाने पडायच्या आधी त्यांनी भुरा पुसला. एवढं काम झालं.

जानोबाई आज इथे आहेत. मागे, खांबाशी बसल्या आहेत. नळी घेऊन त्या स्वतः आल्या. काल मी ती भिंगाखाली पाहिली. अर्ध्याहून जास्त रेषा बुरशीने खाल्ल्या आहेत. उरलेल्या एकदा वाजतील. कदाचित तेही नाही. मेण आता ठिसूळ झालं आहे, पुढचा पावसाळा ते काढणार नाही.

जानोबाईंनी मला विचारलं, "पोरगा बोलंल का, बाई?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरं सांगायचं तर मला आशा नाही. भाऊंच्या घरात उरलेले सगळे बाजे तबकडीचे आहेत. नळी वाजवणारा फोनोग्राफ नदीत आहे. नागपूरला दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे नाही.

तुम्ही माझी समजूत घालाल, की बाई, भाऊंचं आयुष्य तेवढंच होतं. घालू नका. मला त्याचा उपयोग नाही. जानोबाईंनाही नाही.

भाऊ, तुम्हाला नमस्कार. याहून मोठं काही मला बोलता येत नाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. तेवढ्यात प्रत्येकाने आपल्या घरातला, सासरचा, माहेरचा माळा आठवावा. तिथे नळीचा फोनोग्राफ आहे का, मोडका असला तरी चालेल. दुरुस्ती मी करेन, जमेल तशी.

जानोबाई शुक्रवारी पहाटे परत निघणार आहेत. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मला कळवा. नसेल, तर नाही म्हणून कळवा. ते मलाच त्यांना सांगायचं आहे.