समोरचा पंखा

— नाही नाही, साहेब, त्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभे राहा, आणि घाबरू नका, हा आवाज नेहमीचाच आहे. बघितलंत? सगळ्या गल्लीची वीज गेली आणि आपल्या डोक्यावरचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. गच्चीवरचं ऊन, पवनचक्कीचा वारा आणि कोपऱ्यातल्या बॅटऱ्या — तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि त्यांना एकत्र नांदवायचं काम ह्या कपाटाचं. माझे केस ह्यानंच पांढरे केले. समितीत जाऊन एवढंच सांगा, की दिवा लुकलुकला नाही.

वीज कशी गेली? गेली कुठे, घालवलीय. आमचे धाकटे बंधुराज वीज कंपनीत लाइनमन आहेत — कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावून चढले असतील एव्हाना. मीच म्हटलं त्याला, नाहीतरी तार बदलायचीच आहे, तर साहेब आले की बंद कर, म्हणजे त्यांनाही दिसेल. तो हसला. म्हणाला, ताई, तुझं यंत्र माझ्या तारेत उलटी वीज नाही ना ढकलणार? मी म्हटलं, अरे शहाण्या, बाहेरची तार मेली की ते आपण होऊन बाहेरचं दार लावून घेतं आणि आतल्या आत चालू राहतं. शिवाय तुझ्याकडे साखळी आहे की — तारेवर टाकायची, चुकून वीज आलीच तर जमिनीत जाते. पण तो साखळी टाकेल तर शपथ. स्विच मी स्वतः पाडलाय, मग साखळी कशाला — हे त्याचं ठरलेलं. आईनं जाताना त्याला माझ्या पदरात घातलं, पण ऐकतोय कुणाचं.

दार? लागतं की. म्हणजे — आधी जरा जास्तच लागायचं. वाऱ्याचा झोत आला की ह्याला वाटायचं, तार मेली, की दार लावून बसायचं आणि दिवे लुकलुकायचे. मागच्या पाहुण्यांपुढे असं नाक कापलं गेलं की विचारू नका. म्हणून काल मी त्याचा तो संशयी स्वभाव थोडा ढिला केला — थोडासाच हो, आजच्यापुरता, तुम्ही गेलात की पुन्हा होता तसा. हे मात्र अहवालात घेऊ नका. सगळेच करतात, बोलत कुणी नाही.

खिडकीतून काय बघताय? तो न्हावी आहे समोरचा. वीज गेली की गिऱ्हाइकाला खुर्चीसकट रस्त्यावर काढतो, गल्लीची फुकटची करमणूक. आतच आहे म्हणता? पंखा फिरतोय? छे, त्याच्याकडे कुठली बॅटरी, तो साधी कात्री बदलत नाही. वीज परत आली असेल — नाही, परत कशी येईल, तो तर अजून खांबावर —

साहेब, बाजूला व्हा. ते लाल बटण, तुमच्या पाठीमागचं. सरका.

झालं. बंद झालं. आता पंखा बघा — थांबतोय ना? मंदावतोय. बरं. मग कोपऱ्यावर बघा, तुम्हाला तिथून शिडी दिसत असेल. मी ह्या बटणावरचा हात काढत नाही, तुम्हीच बघा. शिडीवर आहे ना तो? निळा शर्ट. न्हावी कुठे पळत निघालाय, साहेब? सगळेच का पळताहेत?

नका सांगू.