दारावरची वही

अरे, मी युनिवर्सिटीत मानवाधिकार शिकून राहिली होती ना, तेव्हाची गोष्ट. खाजगीपणाच्या हक्कावर लेक्चर ऐकून घरी आले आणि बाबांना सांगितलं, "माझ्या खोलीत विचारल्याशिवाय कोणी यायचं नाही. तो माझा अधिकार आहे."

मला वाटलं, चिडतील. पण बाबांची सगळी नोकरी फॅक्टरीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेलेली. वही भरल्याशिवाय त्यांनी साहेबालाही आत सोडलं नाही कधी. ते म्हणाले, "अच्छा. मग नीटच करू."

सकाळी माझ्या दाराला सुतळीनं वही आणि पेन लटकत होतं. नाव, वेळ, काम, परवानगी, असे रकाने आखलेले. बाबा स्वतः 'काम: पंखा बंद करणे' लिहून माझी सही होईपर्यंत बाहेर उभे राहायचे. दोन दिवस मी नुसती सह्या करत उठत-बसत होते.

तिसऱ्या दिवशी परीक्षेचा अभ्यास होता, म्हणून कानात इअरफोन घातले. दुपारभर कोणी आलं नाही. मस्त वाटलं. साडेपाचला भूक लागली तशी स्वयंपाकघरात गेले.

"आई, आज चहा काहून नाही केला?"

"केला ना. वही बघ."

वहीत आईचं अक्षर होतं. 'वेळ: चार. काम: चहा आणि गरम आलूबोंडे. परवानगी: तीनदा आवाज दिला, मिळाली नाही.'

त्याखाली लाल शाईनं बाबांचा शेरा: 'माल गेटवरच उतरवून घेतला. चव उत्तम.'