सहाव्या डब्यातली म्हातारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इंद्रधनुष्य टॉकीजचे मालक नेमिनाथअण्णा, शेजारी बसलेल्या त्रिशलावहिनी, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते ऑपरेटर केरबा, समोरच्या माझ्या मंगळवार पेठेतल्या आयाबायांनो, आणि माझं भाषण कधी संपतंय म्हणून मागं दाराशी उभ्या राहिलेल्या पावण्यांनो, सगळ्यांना नमस्कार आणि जय भीम.

एवढं अण्णांच्या सूनबाईंनी, आदितीनं, लिहून दिलं होतं. पुढं आणखी दोन पानं आहेत. पण माझी शाळा दुसरीत संपली. एकेक अक्षर लावत बसले तर केरबा पुढच्या वर्षी रिटायर होईल. म्हणून कागद घडी करते आणि तोंडाला येईल ते बोलते.

मी चिमणाबाई. इथल्या बायकांच्या दारावर बत्तीस वर्षं तिकिटं फाडली आणि अंधारात बॅटरी मारून खुर्च्या दाखवल्या. ही बघा, तीच बॅटरी. टकटक ऐकू येतंय ते हिचं बटण आहे, माईकला बोल लावू नका. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही माझा. आनंद तर पोटात मावत नाही, कारण माझी नात शिवानी, माझ्या प्रसेनजीतची लेक, पुण्याहून आली आहे. ती बघा, तिसऱ्या रांगेत. पण साडेसातच्या गाडीनं परत जाणार म्हणते. त्याच्या आत मला एक गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं घशात अडकली आहे.

आधी केरबाचं. यानं त्या वरच्या खोलीत, भट्टीसारख्या उकाड्यात, आयुष्य काढलं. दर शुक्रवारी नवा शिनेमा लागायचा तेव्हा मशीनपुढं नारळ फोडायचा. आम्ही नारळ फोडत नाही, पण खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर यायचा, आणि मी कधी नको म्हणाले नाही. शिनेमाच्या रिळांचे डबे यायचे, सात-आठ, त्यांवर नंबर. एक संपला की दुसरा. खाली खुर्च्या वाजायला लागल्या की केरबाला वर कळायचं, लोक कंटाळले. मग एखादं रडकं गाणं गाळून तो सरळ मारामारीवर यायचा! अण्णा, हसताय म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की!

आता साहेबाच्या मुलखातला तो शिनेमा आठवा, हिंदीत बोलायला लावलेला. ‘धुक्याचं राज्य’. शहाण्णव साली पहिला भाग आला. पंखांचे घोडे, बोलणारी झाडं, आणि धुक्यात कंदील घेऊन पोरांना वाट दाखवणारी एक म्हातारी. ते पांढरे केस, तो हातातला दिवा बघून बाया मला म्हणायच्या, “चिमणाबाई, तुमचीच बहीन की वो पडद्यावर!” दुसरा आला, तिसरा, चौथा. पोरं मोठी झाली, घोडे म्हातारे झाले, म्हातारी मात्र तशीच. गारगोटीला माझी थोरली बहीण असते, शालूबाई. ही काय, पुढं बसून पेढा खाते आहे. ती एसटीनं प्रत्येक भागाला यायची. शिनेमाचं नाव कधी तिच्या लक्षात राहिलं नाही. विचारायची एकच, “म्हातारी कशी हाय?”

पाचवा भाग आला दोन हजार पाचला. मुंबईच्या पेपरवाल्यांनी आधीच झोडपला होता. म्हणे, लांबला, अंधारला, म्हातारीला मारून उगाच रडवलं, आता बंद करा हे दुकान. शिवानी तेव्हा इथल्या एका पेपरात नवी लागली होती. शिनेमावर लिहायचं पहिलंच काम तिला मिळालं, ते याच भागाचं. तीन दिवस घरात येरझाऱ्या घालत होती. म्हणाली, “आज्जी, दुसऱ्यांचं एक अक्षर वाचणार नाही. माझ्या डोळ्यांनी बघणार आणि तेच लिहिणार.”

आता ऐका. त्या शुक्रवारी सकाळी केरबानं एकट्यानं शिनेमा लावून बघितला आणि तोंड पाडून खाली आला. म्हणाला, “चिमणामावशी, म्हातारी मरती. सहाव्या डब्यात.”

आणि बाराच्या खेळाला शालूबाई यायची होती. दवाखान्यातून उठून तिला आठ दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, हिला धसका बसेल असं काही नको. मी तिला येऊ नको म्हटलं, तर म्हणाली, “म्हातारीला बघून मगच मरीन.” काय करणार होते मी?

मी केरबाला म्हणाले, “सहावा डबा लावू नगंस.”

“मावशी, कंपनीचा मानूस आला तर नोकरी जाईल माजी.”

“एकच खेळ रे. माझ्या आक्कासाठी.”

त्यानं डोकं खाजवलं, डब्यांकडं बघितलं आणि तो वर गेला. पाचव्यावरून थेट सातव्यावर आला. सातव्यात पोरगी कंदील घेऊन एकटी चालली आहे आणि धुक्यातून म्हातारीचा आवाज येतो, “जा, मी इथंच आहे.” सहावा बघितलेल्याला तो मेलेल्या माणसाचा आवाज वाटतो. त्या दिवशी आम्हाला वाटलं, म्हातारी मागं थांबली आहे. शालूबाई डोळे पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, “बरी हाय गं.”

मी खूश. पण पेपरातली माणसं बाल्कनीच्या दारानं येतात. तिथं मी नसते. शिवानी शनिवारी येणार होती, ती शुक्रवारीच बाराच्या खेळाला येऊन बसली होती. मला काय माहीत?

रविवारी छापून आलं. नेमिनाथअण्णांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आठवतं? ‘सगळे म्हणतात म्हातारी मरते. ती मरत नाही. ती मागं थांबते, कारण पोरीला आता एकटीनं जायचं आहे. पाचही भागांतला हा सर्वांत शहाणा शेवट.’ काय लिहिलं होतं माझ्या पोरीनं! मी चहाच्या गाड्यावर दहा जणांना दाखवलं.

आणि मग पत्रं आली. बाई शिनेमा बघायला गेल्या होत्या की झोपायला? इनाम म्हणून उशी पाठवा. कॉलेजातली पोरं रस्त्यात तिला बघून घोरायची. नळावर आमच्या बाया भांडल्या, “न्हाय मेली, आमी बघितलंय!” पण नळावरच्या बायांचं कोण ऐकतंय? पेपरानं चूक झाली म्हणून छापलं आणि तिचं काम काढून घेतलं. पोर पुन्हा येऊन शिनेमा बघून गेली. तेव्हा सहावा डबा होता. घरी आली, माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, “आज्जी, मी खरंच झोपले होते का गं?”

पाणी द्या जरा.

मी गप्प बसले. केरबाची नोकरी जाईल म्हणून, हे खरं. पण भ्याले, हेही खरं. रोज म्हणायचे उद्या सांगू, आणि रोज उद्या यायचा. शिवानी पुण्याला गेली, जाहिरातींच्या कचेरीत बसली. चार वर्षांत शिनेमावर तिनं एक ओळ लिहिली नाही. म्हणते, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.

आज केरबा रिटायर झाला. आता शिनेमा म्हणे आभाळातून, सॅटेलाइटनं येणार, डबेच नसणार. म्हणून आज सांगते. अण्णा, रागवायचं तर मला रागवा, त्याला नको. शिवानी, तू झोपली नव्हतीस. तुझे डोळे चांगले होते, पोरी. तुझी आज्जी वाईट वागली.

कोण ओरडतंय पुढं? काय म्हणालीस, आक्का?

“म्हातारी मेली? कवा?”

अगं, चार वर्षं झाली. आता पेढा खाली ठेव आणि पाणी पी. नीट आहेस ना? काय म्हणतेस, मोठ्यानं बोल. ऐका मंडळी, शालूबाई म्हणते, “मी बघितली त्यात न्हाय मेली. मी दुसऱ्यांचं कशाला ऐकू?”

ऐकलंस, शिवानी?

थांब, आदिती, चिठ्ठी पाठवू नको, संपतच आलं. माझी एक विनंती आहे. त्या शुक्रवारी बाराच्या खेळाला इथं कोण कोण होतं? हात वर करा बरं. बायडाबाई, तू होतीस की, भजी आणली होतीस. हां. तो एक. कोपऱ्यात दोन. पाचव्या रांगेत, व्हय, तुम्हीच. बाल्कनीतही आहेत वाटतं, नीट दिसत नाही, बॅटरी मारते. बारा, तेरा... केरबा, तुझा हात खाली का? तू तर वरून बघत होतास.

आणि तिसऱ्या रांगेत... व्हय, शिवानीचाही आहे. वर धर, बाळ, अजून वर. सगळ्यांना दिसू दे.

केरबा, तू माझा शब्द राखलास. मशीन बंद झालं तरी बायकांच्या दारानं कधीही ये, तुझं तिकीट मी फाडणार नाही. अण्णा, वहिनी, तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला जास्तीचं बोलले असेन, तर दुसरी शिकलेल्या बाईचं म्हणून पोटात घाला. आता मला खाली उतरू द्या. साडेसातची गाडी आहे, आणि मला त्या तिसऱ्या रांगेत जायचं आहे.