रागावणारं माणूस

आसनगावात घर कसं शोधलं विचारता ना? हे गेल्यावर नोकरी आणि दोन्ही मुलं एकटीने सांभाळायची, म्हणून मी एक शांत सोसायटी जवळजवळ ठरवलीच होती. ही चाळ केवळ मालकांच्या आग्रहाखातर पाहायला गेले. आत नळ सोडून बघत होते, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

"ए पोरा! उतर खाली, नायतर तुझ्या आईला सांगन!"

धावत गेले. माझा धाकटा कुंपणाच्या भिंतीवर चढलेला आणि समोरच्या ओट्यावर एक म्हातारी सूप उगारून उभी.

"आजी, मीच त्याची आई."

"मंग बघतेस काय गो? धर त्याला! आणि तू रे, पाय धुऊन ये. भाकर खा."

माझं कधी न ऐकणारा माझा लेक मुकाट्याने उतरला.

मालक ओशाळून म्हणाले, "मनावर घेऊ नका, बाई. ती आळीतल्या सगळ्याच पोरांना ओरडते."

"रोज?"

"रोजच."

"मग चावी द्या," मी म्हटलं. "हे गेल्यापासून मी एकटीच ओरडतेय."