देवाचे मांगूर

देवरूखच्या एसटी स्टँडवर मागच्या बाकावर कॉलेजच्या एक मॅडम आणि देवळाचे गुरव बोलत होते.

"गुरवकाका, तळ्यातले आफ्रिकन मांगूर काढलेत ना? गावठी मासे खाऊन संपवलेत त्यांनी."

"एकूण एक काढले. आता सोडा तुमची गावठी पिल्लं."

"मेलेले मांगूर पुरलेत कुठे?"

"मेलेले कसे असतील? देवाच्या तळ्यातला मासा आम्ही मारत नाही."

"मग काय केलंत?"

"गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला नि नदीत सोडले."

"कुठल्या नदीत? जिथून आमची पिल्लं यायची आहेत त्याच?"

"हो, त्याच. तुम्हीच म्हणालात, गावठी मासे आता तिथेच शिल्लक आहेत."

"म्हणून तिथे?"

"देवाचा जीव, मॅडम. उपाशी कसा ठेवायचा?"