रकान्यातली आडवी रेघ

—तर बोलत काय होतो ताई, त्या पाण्याच्या कॉम्प्युटर-फॉर्मात चूक झाली की रकान्याखाली लाल ओळ उमटते ना, त्या ओळी सुचवणारा अख्ख्या कचेरीत एकच माणूस आणि तो तुमच्या दारात उभा आहे! म्हणजे लिहिल्या कॉम्प्युटरवाल्या पोरीनं, मी नुसतं तोंड चालवलं. माझं शिक्षण सातवी. सातवी कसली, सहावी दोनदा केली, म्हणून हक्कानं एक वाढवून सांगतो. नाही, बसत नाही, उभाच बरा. तुमचं मशीन चालू राहू द्या, माझ्यापायी कुणाचा शर्ट बिनबाह्यांचा राहायला नको. ओळखलंत ना मला? खिडकीजवळच्या स्टुलावरचा शिपाई. नाही ओळखलं? बरंच झालं म्हणायचं. आलोय खरं तर एकच शब्द बोलायला, येताना वाटेत चारदा घोकला, तुमच्या जिन्यावर परत एकदा — पण हा तुमचा जिना काय हो, पायऱ्या मोजल्या तर दर वेळी एक जास्तच भरते!

तेहेतीस वर्षं त्या खिडकीवर काढली. थट्टा केल्याशिवाय मी कुणाला अर्ज दिला नाही, अगदी साहेबांनासुद्धा सोडलं नाही. एकदा त्यांच्या शिक्क्याची तारीख एक दिवस पुढे सरकवून ठेवली, सगळी कचेरी संध्याकाळपर्यंत उद्यात काम करत होती! लोक हसायचे. एक पैलवान आला, घराचा नंबरच आठवेना, घाम फुटला गड्याला. मी म्हटलं, घर तरी आहे ना जागेवर? असा खदखदून हसला, की हसता हसता त्याला नंबर आठवला. कसं असतं, मी बोलायचो ते डोळा बारीक करून, पुढे स्टूल सरकवून, पेन हातात देऊन. शब्द तिखट, पण वर माझं हे माकडासारखं तोंड असायचं ना! ते तोंड काही फॉर्मात उमटत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं म्हणा, तेवढी अक्कल सहावीतसुद्धा असते.

मग हा फॉर्म आला. पोरीनं समजावलं — काका, हा आयता साचा आहे, चूक पकडायचं काम त्याचं. कुठली चूक पकडली की कुठलं वाक्य दाखवायचं, तेवढं आपण द्यायचं. डावीकडे चूक, उजवीकडे वाक्य, अशी यादीच होती तिच्याकडे. साच्याची स्वतःची वाक्यं म्हणजे, 'हा रकाना आवश्यक आहे'. जसं काही पोलीस ठाण्यातून बोलावणं आलंय! म्हटलं, पोरी, लोक घाबरतील, हो बाजूला. फोनचा आकडा कमी पडला तर लिही, 'एक आकडा खिशात राहिला वाटतं!' पत्ता सोडला तर, 'पाणी काय ढगातून सोडू?' पोरगी हसून हसून लाल. मला काय, हसणारं माणूस मिळालं की माझी जीभ मोकाट सुटते. मग ती त्या रकान्यापाशी आली. पतीचं नाव. जरा थांबली आणि सरळ विचारलं मला — काका, हा रकाना कुणी रिकामा सोडतं का हो?

तुम्ही नका मान वर करू, सुई बोटात जाईल.

मला माहीत होतं. तेहेतीस वर्षं बघत होतो ना! कागदाच्या अर्जावर त्या रकान्यात बायका एक आडवी रेघ मारायच्या. बारीक, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ, काहींची मध्येच थरथरलेली. मी रेघ बघायचो, मान हलवायचो, अर्ज आत सरकवायचो. तिथे मात्र थट्टा नाही. एकदाही नाही, हे लिहून देतो. साहेबांनासुद्धा माहीत नव्हता हा रिवाज, तो माझा आणि त्या बायकांचा. पोरीला एवढंच सांगायचं होतं, की बाई गं, तिथे रेघ चालते. आणि मी काय सांगितलं? सोडतात ना, नवऱ्याशी भांडलेल्या बायका! ती हसली. एका हसण्यासाठी विकलं हो मी ते.

तुमचं पत्र मीच फोडलं, टपाल माझ्याकडेच असतं. तुम्ही तिन्ही ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. रकाना रिकामा सोडला, तर — 'घरात भांडण झालंय का? नवऱ्याचं नाव लिहा की!' हे वाचून... सांगून टाकतो, हसलो मी. आपली ओळ टपालानं घरी परत आली, म्हणून हसलो. मग तुम्ही रेघ मारली, तर — 'रेघोट्या नकोत, हा चित्रकलेचा तास नाही.' तिथे हसू अर्ध्यावर अडकलं. मग तुम्ही त्या रकान्यात लिहिलंत, 'वारले'. साच्याला वाटलं, नाव अपुरं आहे, कारण त्याला हवेत तीन शब्द. वर त्यानं काय दाखवावं? 'एवढंसंच नाव? लाजू नका, पूर्ण सांगा!' आणि खाली तुमचा प्रश्न, यांतलं कुठलं उत्तर बरोबर होतं ते कळवावे. पत्र तसंच हातात धरून बसलो. खिडकीवर माणसं हाका मारत होती.

तो खुंटीवरचा चष्मा त्यांचाच का? हो... असू दे. आणि या बादल्या? शेजारून? दोन जिने चढून? तीन आठवडे! म्हणजे ते गेले हे तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत, म्हणून कचेरीनं नळ बंद केला, आणि नाव बदलायच्या फॉर्मानं तुम्हाला दारातूनच हाकललं. ही वाटेतली बादली जरा सरकवतो हं, पाय लागेल कुणाचा.

तुमचं पत्र वाचून साहेबांनी पोरीला आत बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा. साहेब म्हणाले, ही भाषा कुणाची? पोरगी गप्प. परत विचारलं. गप्प. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं, बघितलं असतं तर बरं झालं असतं, चोरी पकडली गेली असती. मी कप ठेवले. बशीवर चमचा नीट लावला. बाहेर आलो. निवृत्त होऊनही साहेबांनी मला त्या स्टुलावर राहू दिलंय ताई, ते स्टूल गेलं तर दिवसभर घरात कुणाची थट्टा करू, भिंतीची? सोमवारी ठरणार, पोरीला ठेवायचं की काढायचं. लाल ओळी तिनं त्याच दिवशी पुसल्या आणि रेघसुद्धा चालेल असं करून टाकलं, पाच मिनिटांचं काम होतं म्हणे. पाच मिनिटांचं!

तर हे दोन कागद. हा पहिला जुना अर्ज, कपाटाच्या तळातून काढलाय. सगळं मी भरून आणलंय, त्या रकान्यात रेघही पट्टी लावून मारलीय, तुम्ही खाली सही करा, उद्या नळाला पाणी. आणि हा दुसरा, यावर एकच ओळ, 'माझी काही तक्रार नाही.' इथे पण सही. पोरीसाठी हो, पोर गुणी आहे. म्हणजे पोरीसाठी... आणि स्टुलासाठीही, आता झाकून काय करू. साहेबांकडे जाऊन मी स्वतः सांगू शकतो, तसं नाही, पण तुमची सही असली की सांगायचीच गरज पडत नाही, सगळ्यांचंच —

मशीन का थांबवलंत? दोरा तुटला? द्या, ओवून देतो, नजर शाबूत आहे माझी. नको? मग अशा बघू नका ताई. ओरडा, नाहीतर हसा तरी, माझ्यापुढे माणसं हसतातच. हे पेन घ्या. एक सही इथे, एक इथे, की मी चाललो, तुमचा वेळ — काय? काय म्हणालात?

"दोन्ही कागद भरून आणलेत, दादा. वाटेत चारदा घोकलेला तो एक शब्द मात्र अजून रिकामाच आहे. लाजू नका, पूर्ण सांगा."