फोटोखालचं नाव

शिवणवाली : त्या जाहिरातीतल्या दातांचं राहू द्या हो काका. आधी खाली बघा. फोटोच्या खाली काय लिहिलंय?

काका : थांब, चष्मा कुठाय... हा मोबाइल आहे की काडेपेटी? हां. 'छायाचित्र...' अरे! अगं, हे तर माझं नाव! स्टुडिओचं नाव, गाव, गल्ली, फोन नंबर. छापलं गं त्यांनी! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव छापलं!

शिवणवाली : त्यांना कुणी सांगितलं छापायला?

काका : मी! सतरा चोरांना सतरा पत्रं लिहिली. तुझा फोटो माझ्या पानावरून उचलून नेला मेल्यांनी, ना विचारलं ना सांगितलं. या दातांच्या डॉक्टरानं मागचं सगळं कापून नुसतं तुझं हसू लावलंय, जसं काही ते त्यानंच बसवून दिलं. एका तेलवाल्यानं तुझ्या केसांखाली लिहिलंय, 'आधी मला टक्कल होतं.' आणि लग्न जुळवणाऱ्यांच्या यादीत तू तीन नावांनी उभी आहेस, तिन्ही ठिकाणी अठ्ठावीस वर्षांची. मी म्हटलं, वापरता तर वापरा, पण फोटो कुणाचा ते तरी लिहा! सोळा जणांनी ढुंकून पाहिलं नाही. हा दातवाला तेवढा भला निघाला.

शिवणवाली : मी तुम्हाला फोटो भिंतीवर लावायला हो म्हटलं होतं, काका. या भिंतीवर. या खिळ्याला.

काका : मग कॉम्प्युटरवरचं पान म्हणजे तरी काय, भिंतच की. रोज आठ माणसं बघतात. त्यातल्या पाच माझ्या बहिणी.

शिवणवाली : उरलेले तीन कोण?

काका : ... तुझा चेहरा असा का उतरलाय? बस त्या स्टुलावर. पाणी देऊ?

शिवणवाली : पाणी नको. माझ्या या बोटाकडे बघा.

काका : बघायचं काय त्यात? अख्खा फोटो त्या बोटावर उभा आहे! हसताना तू हात तोंडाशी नेलास आणि हे एक बोट चौघांशी भांडण झाल्यासारखं वाकडं, बाजूला. मी तर सगळ्यांना सांगतो, ते बोट मी तसं धरायला लावलं, तीन तास लागले.

शिवणवाली : तीन तास नाही लागले. दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं.

काका : कुणी?

शिवणवाली : मुलीच्या बापानं.

काका : पण तो तर जहाजावर कप्तान आहे ना?

शिवणवाली : ते तुम्ही म्हणालात. मी इथे नवी आले, शेजारी मशीन मांडलं, कुणी नवऱ्याचं विचारलं की गप्प बसायची. तुम्ही सगळ्या बाजाराला सांगून टाकलंत, हिचा नवरा जहाजावर आहे म्हणून. मला बरंच झालं. मी नाही म्हटलं नाही.

काका : मला वाटलं तू लाजतेस.

शिवणवाली : दोन वर्षांपूर्वी मुलीला उचललं आणि नेसत्या कपड्यानिशी निघाले. तीन गाड्या बदलल्या. त्याआधी चौकीवर गेले होते, तर त्यांनी त्यालाच फोन केला, 'घेऊन जा तुमचं माणूस' म्हणून. त्या रात्री झालं हे बोटाचं. आता तुम्ही सांगा, त्यानं हा फोटो पाहिला तर?

काका : दातांची जाहिरात कोण बघतं?

शिवणवाली : माझ्या मावसबहिणीनं बघितली. तिनंच पाठवलीय मला. चेहऱ्यावरून एखादा चुकेल, पण हे बोट बघून तो नाही चुकायचा. आणि खाली तुमचा पत्ता. काका? त्या फोनकडे काय बघताय?

काका : सकाळी एक फोन आला होता.

शिवणवाली : कुणाचा?

काका : नाव नाही सांगितलं. रसिक वाटला गं मला. म्हणाला, फोटो फार जिवंत आलाय, तुम्हीच काढलात का? मी म्हटलं, मीच! मग मला राहवेना. बाई ओळखपत्राच्या फोटोसाठी आली होती, काही केल्या हसेना, मग मी तिला या मागच्या रंगवलेल्या पडद्यावरच्या, तळ्यातल्या हंसाची गोष्ट सांगितली, तो एका दुपारी खाली उतरून माझा डबा कसा खाऊन गेला ती, आणि फिसकन हसली तसा मी...

शिवणवाली : आणखी काय विचारलं त्यानं?

काका : बोट खरंच तसं आहे का.

शिवणवाली : काका!

काका : मी म्हटलं, समक्षच या, मोठा करून लावलाय तो दाखवतो. तर म्हणाला... अकराच्या गाडीनं येतो.

शिवणवाली : किती वाजले?

काका : ते घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं.

शिवणवाली : वाजले किती?

काका : अकरा वीस.

शिवणवाली : मी शेजारी शिवते ते सांगितलंत?

काका : नाही. शपथ नाही. अगदी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं दारात.

शिवणवाली : मुलीची शाळा साडेबाराला सुटते. ती स्टँडवरूनच चालत येते. मला निघू द्या, मी तिला घेऊन...

काका : बाहेर पाऊल टाकू नकोस! स्टँडकडचा रस्ता दारावरूनच येतो, आणि मागे दार नाही. पडद्यामागे जा. थांब, थांब, आधी फ्रेम उतरव भिंतीवरची. माझा हात पोचत नाही.

शिवणवाली : खिळा हलत नाही.

काका : खिळ्याला कशाला हात लावतेस? फ्रेम वर उचल. हां, सुटली. आत घेऊन जा तुझी तू.

शिवणवाली : भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. इथे काहीतरी होतं, हे कुणालाही कळेल.

काका : कळू दे. सुचेल मला काहीतरी. आजवर कधी सुचायचं राहिलंय का? जा, आत जा. खोकू नकोस. आणि हंसाला टेकू नकोस, तिथलं कापड जुनं आहे.

(दाराची घंटी वाजते. पडदा एकदा हलतो आणि थांबतो.)

पाहुणा : सकाळी फोन केला होता मी.

काका : या, या. पण कुठला फोन? सकाळपासून पन्नास येतात. परवा एका राणीचा आला, मुकुटासकट अर्धाच फोटो काढाल का म्हणून.

पाहुणा : या बाईबद्दल. हा फोटो. कुठे राहते ही?

काका : तुम्ही वकील का हो?

पाहुणा : कसला वकील?

काका : नाही ना? त्या मालकानं पाठवलेले पण नाही? मग सोडला बुवा श्वास. साहेब, खरं सांगतो, हा फोटो माझा नाही.

पाहुणा : खाली तुमचं नाव आहे.

काका : ते मीच भांडून लावून घेतलं. फोटो न विचारता घेतलाय मी. सरळ चोरलाय म्हणा. आपल्या पानावर टाकला, मोठा करून इथे टांगला. तो पांढरा चौकोन दिसतो ना? तिथेच होता. मूळ मालकाचं पत्र आलं, तेव्हा उतरवला. हे बघा पत्र, ऐका. 'महाशय, आपण माझे छायाचित्र माझ्या परवानगीवाचून वापरले आहे. ते टिपायला एक क्षण लागला, पण तो क्षण ओळखण्यात माझी चाळीस वर्षे गेली. आपण ते बसल्या जागी उचललेत. यास चोरी म्हणतात.' बघा, किती जिव्हारी लागेल असं लिहिलंय माणसानं!

पाहुणा : द्या इकडे. खाली नाव नाही.

काका : दुसऱ्या पानावर होतं. ते वकिलाकडे दिलंय. त्यात लिहिलं होतं, फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातली बाई वारली.

पाहुणा : ही वारली?

काका : असं लिहिलं होतं. बोट म्हणे जन्मापासून तसं.

पाहुणा : हे बोट कसं झालं ते मला माहीत आहे.

काका : असं? कसं झालं?

पाहुणा : घरातली गोष्ट आहे. सकाळी तुम्ही म्हणालात, तिला हसवलं. हंसाची गोष्ट सांगितली. तो बघा हंस.

काका : मी ती गोष्ट सगळ्यांना सांगतो. बाहेर कुणालाही विचारा, पलीकडच्या किराणावाल्याला विचारा. म्हातारा थापाड्या आहे, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. फोनवर समोरचा माणूस वाहवा करतोय म्हटल्यावर माझी जीभ मला आवरत नाही.

पाहुणा : पडदा हलला.

काका : तळं आहे, वाऱ्यानं हलायचंच.

पाहुणा : पंखा बंद आहे, म्हातारबा.

काका : मग मांजर असेल. व्यालीय मागे. पिल्लांचे डोळे उघडले नाहीत अजून, कुणाला जवळ येऊ देत नाही. परवा पोस्टमनचा हात असा ओरबाडला की टाके पडले.

पाहुणा : हिचा फोटो या खिडकीपाशी काढलाय. उजेड एका बाजूनं आहे. ही खिडकी पण त्याच बाजूला आहे.

काका : खिडक्या काय, सगळ्या गावात असतात.

पाहुणा : माझा काढा. तसाच. आत्ता. मग बघू कुणी काढलाय तो.

काका : तुमचा?

पाहुणा : का? फोटोवाले आहात ना?

काका : बसा की. कुठे बसता? इथे, पडद्यापुढे. स्टूल मागे सरकवू नका. मागे सरकवू नका म्हटलं! कापड जुनं आहे. हं. मान जरा... असू द्या.

पाहुणा : खिडकी का लावली?

काका : उजेड फार येतो. मी आपला नेहमी समोरून झोत मारतो, काम एकदम चोख होतं. बघा इकडे. एक, दोन... झालं. आणखी एक घेऊन ठेवतो. झालं. बघा या कॅमेऱ्यात.

पाहुणा : हे काय? माझा एक कान कुठाय?

काका : बाहेर राहिला.

पाहुणा : डोळे मिटलेत. तोंड भिंतीसारखं पांढरं पडलंय. मेलेला माणूस दिसतोय.

काका : गिऱ्हाइकं असंच म्हणतात. म्हणून तर दुसऱ्यांचे उचलून लावावे लागतात.

पाहुणा : इतकी वर्षं हेच करताय?

काका : हेच.

पाहुणा : म्हातारबा, तुम्हाला फोटो काढता येत नाही.

काका : नाही येत.

पाहुणा : फुकटचा खेटा. परतीची गाडी कितीला आहे?

काका : बारा पाचला. धावत गेलात तर मिळेल. नंतरची थेट संध्याकाळी.

पाहुणा : ते दुसरं पान मिळालं की फोन करा. मी पण करीन अधूनमधून.

काका : करा ना.

शिवणवाली : गेला?

काका : हलू नकोस. चौकात उभा आहे. मोबाइल बघतोय. मागे बघितलं... चालायला लागला. स्टँडकडे. वळला.

शिवणवाली : शाळेत फोन करा. मुलीला आतच थांबवायला सांगा.

काका : लावलाय केव्हाच, वाजतोय. हॅलो, बाई, मी स्टुडिओवाला... नाही, आज थाप नाही. बाई, ऐका, पाया पडतो, आज खरंच थाप नाही. चौथीतली आपली पोरगी, तिची आई न्यायला येईपर्यंत फाटकाबाहेर सोडू नका... हो. हो. झालं. आपल्याजवळ बसवते म्हणाल्या.

शिवणवाली : माझ्या मानेला त्याचं डोकं लागेल असं वाटलं. मध्ये नुसतं कापड होतं, काका. तो श्वास घेत होता ते ऐकू येत होतं.

काका : मला तुझा ऐकू येत होता. म्हणून तर मी एवढा बडबडत होतो.

शिवणवाली : त्याला पटलं असेल?

काका : आजच्यापुरतं. हे बघ, दुसरा काढला ना, तो त्याला दाखवलाच नाही. यात दोन्ही कान आहेत. शाळेच्या फाटकावर एक देऊ, तिकीटखिडकीवर एक, एक किराणावाल्याकडे. पुन्हा गाडीतून उतरला तर आपल्याला आधी कळेल.

शिवणवाली : त्याला न विचारता?

काका : तुलाही विचारलं नव्हतं. तेव्हा विसरलो होतो. या वेळी मुद्दाम.

शिवणवाली : केवढं खोटं बोललात. सही न केलेलं तुमचंच पत्र त्याला वाचून दाखवलंत.

काका : सगळं खोटं नव्हतं गं. न विचारता घेतला म्हणालो, ते एक वाक्य खरं होतं. बस, जरा कागद घे. माझा चष्मा पुन्हा कुठेतरी गेला. त्या दातवाल्याला लिही. 'महाशय, छायाचित्राखालचे माझे नाव आजच काढावे. ते छायाचित्र मी काढलेले नाही.'

शिवणवाली : हे माझ्यानं नाही लिहवत. तुमचा सगळ्यात चांगला फोटो आहे तो.

काका : लिही.

शिवणवाली : आणि फोटोच काढून टाका, असं नको लिहायला?

काका : ते आधी लिही. सगळ्यात वर. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

शिवणवाली : लिहिलं. सतराही जणांना पाठवायचं?

काका : तुझा चेहरा आहे त्यात. तू सांग. पाठवू का?